नावं ठेवलेला फ्लॅट

“ही भिंत ओल धरते, आणि स्वयंपाकघरात उजेड नाही,” कुंदामावशी सवयीने बोलून गेली, आणि मूल्यांकनाला आलेला बँकेचा माणूस ते वहीत लिहू लागला.

पुढे भाड्याने द्यायचा म्हणून ती विकत घेत असलेला हा तिचा पहिलाच फ्लॅट. किंमत खाली आणायला महिनाभर तिने मालक खांबेटेकाकांसमोर त्याला इतकी नावं ठेवली होती, की चांगलं बोलायला जीभ आता वळेचना. पण बँक आज जी किंमत धरणार, त्यावरच कर्ज मिळणार होतं. स्तुती करावी तर काका समोर उभे, आणि भाव पक्का करणारं साठेखत अजून व्हायचं होतं.

शाळेच्या गणवेशातली भाची मृण्मयी गालात हसली. “काका, पार्किंग दाखवता? मावशीचं धूड मावेल का बघते. म्हणजे स्कूटर हो.”

दोघं बाहेर पडतात न पडतात तोच मावशी सुटली. “ओल कसली, माझा आपला भ्रम. हवा बघा कशी खेळते. मागच्या गॅलरीत कोवळं ऊन पाहिलं, तेव्हाच ठरवलं, घ्यायचा तर हाच.”

चष्मा विसरला म्हणून काका जिन्यातून परतले होते. ते दारातच थबकले. मावशीने जीभ चावली. आता भाव वाढणारच.

“पंखे काढून नेणार होतो,” काका हळूच म्हणाले. “राहू देत. वीस वर्षं काढली इथं. या महिन्यात मलाच वाटायला लागलं होतं, आपलं घर खरंच वाईट आहे.”

मावशी पंख्यांकडे बघत राहिली. नावं ठेवायला काही सुचेना.