भट्टीची पूजा

"हे आकडे ओळखता?" वकील मिस लिमने इंग्रजीत विचारलं आणि मोठा केलेला एक फोटो टेबलावर सरकवला.

प्रबोधने पाहताक्षणी ओळखले. सात काळ्या चौकटी, प्रत्येकीत एक लाल आकडा. त्याच्याच भट्टीच्या सात कप्प्यांचं तापमान.

जहाजांच्या झाकणांना बसवायची रबरी सीलं बरेच जण बनवत. खाऱ्या पाण्यात न भेगाळणारी फक्त प्रबोध बनवत असे. कुठल्या कप्प्यात किती आच, यावरच त्याचा सिंगापूरमधला, बुकित बातोकचा कारखाना उभा होता. या आकड्यांवर लोखंडी शटर असे, शटरला कुलूप. कामाला येणारा प्रत्येक माणूस गुप्ततेच्या करारावर सही करूनच आत पाऊल टाकी.

"सारंग," प्रबोध म्हणाला. "दुसरं कोण? किल्ली फक्त माझ्याकडे आणि त्याच्याकडे होती."

शेजारी बसलेली प्रबोधची बायको विनीता खिडकीबाहेर हार्बरफ्रंटच्या फेरीबोटी बघत होती.

सारंगला पुण्याहून प्रबोधनेच आणलं होतं. घरच्यासारखा वाढवला होता. मार्चमध्ये पोरगा राजीनामा देऊन प्रतिस्पर्ध्याकडे गेला आणि तीन महिन्यांच्या आत त्या कंपनीची न भेगाळणारी सीलं बाजारात आली. प्रबोधने सारंगवर आणि कंपनीवर दावा लावला. निकाल लागेपर्यंत सारंगने तिथे काम करू नये, असा हुकूम झाला. कंपनीने त्याला काढून टाकलं. नोकरी गेली तसा कामाचा पासही गेला, आणि पास नाही म्हणजे देश सोडणं आलं.

जायच्या आधी तो बायकोला, अनघाला घेऊन दाराशी आला होता. प्रबोधने जाळीचं दार उघडलं नव्हतं. "मी काही नेलं नाही हो, काका," सारंग जाळीपलीकडून म्हणाला होता. "ते वकिलाला सांग," म्हणून प्रबोधने आतला दरवाजाही लावून घेतला होता. वकील करण्याइतके पैसे सारंगकडे नव्हते. कागदावर दावा दोघांवर होता, पण लढायला उरली होती ती फक्त कंपनी.

"हेच आकडे वापरले, हे कंपनीने मान्य केलंय," मिस लिम म्हणाली.

"मग झालं की. जिंकलो आपण."

"पण सारंगकडून घेतले नाहीत, असं त्यांचं म्हणणं आहे. हा फोटो तुमच्या मराठी मंडळाच्या वेबसाइटवर होता. कुणालाही दिसेल असा. गेल्या ऑक्टोबरपासून. सारंग त्यांच्याकडे गेला मार्चमध्ये."

 प्रबोध हसला. "म्हणजे आधीपासूनच ठरवलेलं. फोटो काढून ठेवला, चढवला आणि मग गेला. पक्का निघाला. आमच्या ताटात जेवून."

"फोटो मी काढला," विनीता मराठीत म्हणाली. मग वळून मिस लिमसाठी तेच इंग्रजीत म्हणाली.

प्रबोध तिच्याकडे वळला.

"दसऱ्याच्या पूजेचा आहे," ती म्हणाली. "तूच म्हणालास, मंडळाला पाठव, लोकांना दिसू दे आपली भट्टी. मी पाठवला. आकड्यांचं डोक्यातही आलं नाही माझ्या. तुझ्याही नाही आलं."

दसरा. लिटल इंडियातून आणलेली झेंडूची तोरणं. मंडळातली झाडून सगळी कुटुंबं कारखान्यात. सकाळीच प्रबोधने स्वतःच्या हाताने शटरचं कुलूप काढलं होतं. देवाला कुलपात ठेवून कुणी पूजा करतं का, असं म्हणून सगळ्यांना हसवलंही होतं.

"कायदा गुपिताचं रक्षण करतो," मिस लिम शांतपणे म्हणाली. "पण मालकाने आधी ते गुपित म्हणून जपलेलं लागतं. त्या पाहुण्यांकडून तुम्ही काही लिहून घेतलं होतं?"

"पूजेला आलेल्या माणसांकडून?"

"न्यायाधीश हेच विचारतील."

प्रबोधने पाण्याचा ग्लास उचलला. न पिताच परत ठेवला.

"एक वाट आहे," मिस लिम म्हणाली. "कंपनीने कोर्टातल्या उत्तराला फक्त आकड्यांचा तुकडा जोडलाय. अख्खा फोटो मी वेबसाइटवरून काढून घेतला." तिने फाईलमधून दुसरा कागद काढला.

आरतीचं ताट. साड्या, झब्बे. मधोमध प्रबोध, कपाळाला कुंकू, खळखळून हसतोय. त्याच्या मुठीत एका पांढऱ्या चादरीचं टोक आहे आणि ते तो ओढतोय. दुसरं टोक एका तरुणाच्या हातात. दोन्ही हात उंच करून तो ते भट्टीवर धरायला बघतोय. ओढाताणीत चादर घसरलीय, आकडे उघडे पडलेत, आणि त्या माणसाचा अर्धा चेहरा चादरीआड गेलाय.

"हे बघा." मिस लिमने त्या हातांवर पेन टेकवलं. तिचा आवाज पहिल्यांदाच थोडा चढला. "तुमच्या कारखान्यात हे आकडे झाकले जात होते. त्या दिवशीसुद्धा कुणीतरी झाकत होतं. एवढ्या गर्दीत तुमचं गुपित जपणारा हा एकच माणूस आहे. आपली सगळी केस आता याच्या साक्षीवर उभी राहील. कोण आहे हा?"

प्रबोधला तिचा प्रश्न ऐकूच आला नाही. कानात दुसराच आवाज घुमत होता. काका, चादर राहू द्या ना, लोक फोटो काढतायत. आणि त्यावर त्याचा स्वतःचा, हसरा, मोठा. अरे सोड, सगळे आपलेच आहेत.

"याचं नाव लागेल मला," मिस लिम म्हणाली. तिने पेनाचं टोपण काढलं.

"आहे तुमच्याकडे," विनीता म्हणाली. "पहिला प्रतिवादी."