केबिनमधली टापटीप

ट्रकड्रायव्हर नवरा घरी आला की ओला टॉवेल पलंगावर, मोजे सोफ्याखाली आणि चहाचा कप जिथे रिकामा होईल तिथे. सांगून सांगून बायकोच्या तोंडाला फेस आला होता.

यंदा पहिल्यांदाच ती त्याच्यासोबत लांबच्या फेरीला निघाली. माल उतरवायला नंबर लागेपर्यंत ट्रक उभा केला, तशी स्वारीने केबिनमधली गादी झटकली, चादरीच्या सुरकुत्या काढल्या, टॉवेल पिळून दोरीवर वाळत घातला. ती आ वासून बघतच राहिली.

पाय मोकळे करून ती परत चढायला लागली, तर तो वरून ओरडला, "अगं, चप्पल काढ आधी! माणूस राहतो इथे."

तिने चप्पल काढून हातात घेतली आणि वर चढता चढता म्हणाली,



"अहो, घरी पोचलो की आपल्या हॉललाही एक स्टिअरिंग बसवून घ्या."