टेपवरचा लाल दोरा

"हाही नाही," म्हणत बाबांनी दगडाभोवतीची मापाची टेप सोडवली आणि ते पुढच्या दगडाकडे निघाले.

इरावती वाळू तुडवत मागे चालली होती. आईच्या अस्थींचा तांब्या तिने छातीशी धरला होता. "गाडीत राहू दे की," असं बाबा मघाशी सहज म्हणाले होते, जणू भाजीची पिशवीच. उद्या ऑकलंडहून तिचं विमान होतं. नाशिकला शंतनूमामाने गुरुजी ठरवून ठेवले होते. बाबा मात्र येतोही म्हणत नव्हते आणि नाहीही.

"बाबा, येताय ना माझ्याबरोबर?"

"आधी तुझ्या आईचा दगड सापडू दे."

माणसाच्या उंचीचे गोल दगड किनाऱ्यावर ओळीने उभे होते. ते कुणीतरी आदिमानवांनी मांडलेत, असं आईचं ठाम मत. रोटोटुनाच्या घरून दर उन्हाळ्यात ती डबा भरून इथे यायची. बाबा इंजिनिअर माणूस, तिला हसायचे. आणि आता ती गेल्यावर स्वतःच मापं घेत फिरत होते. टेपवर एका जागी त्यांनी लाल दोरा बांधला होता. वेढा घेऊन टेपचं टोक त्या दोऱ्याला भिडलं नाही, की दगड बाद.

"तिथे बोर्डवर स्वच्छ लिहिलंय, नॅचरल आहेत म्हणून."

"तुझी आई काय म्हणायची? इतकं नीट आपोआप कोण ठेवतं?"

"तेव्हा तुम्ही तिची टिंगल करायचात."

"करायचो." बाबांनी डोळे बारीक करून किनारा न्याहाळला. "वादळाने वाळू पार हलवलीय गं. काही ओळखूच येत नाही."

कुत्र्याला फिरवणारी एक बाई थांबली. माओरीत नमस्कार करून तिने विचारलं, "किया ओरा! काही हरवलंय का?"

"नो, नो. स्वीट ॲज!" सगळं मस्त चाललंय, अशा थाटात बाबा हसले.

ते हसू इरावतीला लागलं. आई गेल्यापासून या माणसाच्या डोळ्यांत तिने पाणी पाहिलं नव्हतं. दिवसभर फायरप्लेससमोर बसून पाइनची सुकी बोंडं आत टाकत राहायचं, बस. अस्थी नाशिकलाच हव्यात म्हणून मामा फोनवर भांडला, तेव्हाही यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी फडकं बांधलेला तांब्या मुकाट्याने तिच्यापुढे ठेवला.

"हाही नाही."

"बास झालं!" ती ओरडली. "तिला शेवटचं पोचवायचंय, आणि तुम्ही दगड मोजताय! राहा इथेच. मी एकटी जाते."

ती तरातरा वळली. ओल्या खडकावर पाय सटकला आणि तांब्या हातातून निसटला. फडकं सुटलं. राख वाळूवर सांडली.

"आई, सॉरी, सॉरी गं..." गुडघ्यांवर बसून ती दोन्ही हातांनी राख ओंजळीत भरू लागली. वारा ती उडवत होता. तिचं रडू आवरेना.

बोटांना काहीतरी टोचलं. तिने ते उचलून झटकलं.

अर्धवट जळलेलं पाइनचं बोंड.

दूर एका दगडापाशी बाबा वाळूत बसले होते. टेपचा वेढा त्यांनी तसाच धरून ठेवला होता.

"इरा, ये लवकर!" त्यांचा आवाज फुटला. "इथेच ठेवल्या होत्या मी तिच्या अस्थी. सापडली आई."