वकीलसाहेब नागपूरला गेले आहेत

"वकीलसाब तो नागपूर गए हैं," मुनशी वर न बघताच म्हणाला. "परसों आइए."

श्रीपादच्या हातातली टोपी हातातच राहिली. लढाईच्या दिवसांत कारखान्यातून अर्धा दिवस सुट्टी मिळवायची म्हणजे फोरमनचे पाय धरायचे. ही त्याची चौथी खेप होती.

कुंदाकाकू वकिलांच्या ओसरीवरच्या बाकावर बसून होत्या. घर त्यांचं, घेणारा श्रीपाद, आणि खरेदीखत लिहून द्यायचं ते वकील विष्णुपंतांनी. श्रावणात बोलणं पक्कं झालं होतं, आता पौष अर्धा सरला होता. एकदा विष्णुपंतांना ताप आला. एकदा नागपूरच्या हायकोर्टात तारीख निघाली. एकदा जुन्या कागदावरचा शिक्काच पुसट निघाला. काकू दर वेळी म्हणायच्या, "चलो, पुढच्या वेळी होईल." आणि नेमकं त्या दिवशी त्यांना चार घास नीट जायचे.

"काकू, तुम्हाला कसं सांगू," श्रीपाद त्यांच्याशेजारी टेकला. "गोहलपूर मोहल्ल्यात एका खोलीत आम्ही सहा माणसं राहून राहिलो. मीरेला सातवा लागला. रोज विचारते, आपल्या घराची न्हाणी केवढी आहे? परवा म्हणाली, नुसतं बाहेरून तरी दाखवा. घेऊन आलो होतो. रस्त्याच्या पलीकडून किती वेळ बघत उभी होती."

काकूंनी तिला पाहिलं होतं, खिडकीतून. निळ्या लुगड्यातली पोर, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातानं नवऱ्याला काहीतरी दाखवत होती. बहुतेक पाळणा कुठल्या खोलीत टांगायचा ते. काकूंनी खिडकी लावून घेतली होती.

तेवढ्यात आतून खोकला ऐकू आला. कोरडा, लांबलचक, शेवटी घसा खाकरणारा. बाजारातल्या कमानिया गेटपर्यंतच्या सगळ्या दुकानदारांना ओळखू येईल असा. मुनशीची लेखणी थांबली.

श्रीपाद ताडकन उठला. "नागपूर तर फारच जवळ आलं की!" त्याचा आवाज चढला. "काहून खेळ करून राहिले आमच्याशी? पाच महिने झाले!" तो आतल्या पडद्याकडे निघाला.

"थांबा," काकू म्हणाल्या. "त्यांचा दोष नाही. मीच निरोप धाडला होता, आज घरी नाही म्हणून सांगा."

श्रीपाद वळला. "तुम्हाला घर विकायचं नाही?"

"विकायचं आहे. लेक अमरावतीहून पत्रावर पत्र धाडून राहिली. आणि खोटं काहून बोलू, आता एकटीच्यानं विहिरीचं पाणी ओढवत नाही."

"मग?"

काकूंनी पदर सावरला. इतक्या दिवसांत ही गोष्ट विष्णुपंतांखेरीज कुणापाशी त्यांच्या तोंडून निघाली नव्हती.

"माझा विनय फौजेत आहे. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती सापडला. गेल्या वर्षी एक कार्ड आलं. 'मी बरा आहे', एवढंच, तेही छापलेलं. खाली सही मात्र त्याची."

श्रीपाद हळूच पुन्हा बाकावर बसला. "काकू, कार्ड आलं तर मी स्वतः अमरावतीला घेऊन येईन. रजा मिळो न मिळो."

"कार्डाचं काय, ते पोस्टमनही पाठवेल. तो स्वतःच आला तर? त्याचे वडील गेले, तेही त्याला ठाऊक नाही. स्टेशनावरून सरळ घरी येईल, आणि दारात..."

श्रीपाद आपल्या नखांत बसलेलं काळं तेल बघत राहिला.

पडदा बाजूला झाला. गळ्याला मफलर गुंडाळलेले विष्णुपंत ओशाळल्या चेहऱ्यानं बाहेर आले. श्रीपादकडे बघायचं त्यांनी टाळलं.

"कुंदाताई, म्हणत असाल तर आणखी महिनाभर राहतो मी नागपूरला."

काकूंना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. समोर हा मुलगा. वय विनयएवढंच असेल. रस्त्यापलीकडे उभी असलेली ती पोर पुन्हा त्यांच्या डोळ्यांपुढे आली. दोन महिन्यांनी ती एका खोलीत, सहा माणसांत बाळंत होणार.

"नको," त्या म्हणाल्या. "किती दिवस राहाल तुम्ही तरी! काढा कागद. उद्याच रजिस्ट्री करून टाकू."

विष्णुपंतांनी मसुदा वाचून दाखवला. पूर्वेला गल्ली, पश्चिमेला शेजाऱ्याची भिंत, विहिरीवर निम्मा हक्क. शेवटी त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणखी काही अट?"

श्रीपादच म्हणाला, "लिहा, यांचा मुलगा कधीही आला, तर..."

विष्णुपंतांनी लेखणी खाली ठेवली. "हे खरेदीखतात बसत नाही, श्रीपादराव."

"लिहू नका," काकू म्हणाल्या. त्यांनी लेखणी घेतली आणि दाखवलं तिथे सही केली. मग त्या श्रीपादकडे वळल्या.

"एवढंच सांगून ठेवते. तो कडी वाजवत नाही. लहानपणापासूनची सवय. गल्लीच्या तोंडापासूनच 'आई' म्हणून हाक मारत येतो."

श्रीपादनं मान हलवली.

"मीरेला सांगतो," तो म्हणाला. "ती ओ देईल."