ठ कुठे गेला?

"अगं बाई! ठ कुठे गेला?"

नणंदबाई दारातच किंचाळल्या. हातात केक, मागे तीन पोरं आणि डोळे दारावरच्या पाटीवर. पाटीवर लाल, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'नाताळच्या शुभेच्छा'. अगदी बरोबर लिहिलं होतं. तिथेच तर सगळा घोटाळा होता.

या घरात गेली एकतीस वर्षं 'नाठाळच्या शुभेच्छा' दिल्या जात होत्या. सासरे पेंटर. अख्ख्या बाजारातल्या पाट्या त्यांच्या हातच्या, कुठे एक अनुस्वार चुकलेला दाखवा! चुकले ते फक्त घरच्या पाटीवर. मग काय, नाताळला येणारा प्रत्येक पाहुणा दारातूनच ओरडायचा, "पेंटर चुकले!" आणि ते कान पकडून म्हणायचे, "चुकलो, बाबा, चुकलो! या, नाठाळांनो, आत या!" हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळायची.

पेंटर फेब्रुवारीत गेले. त्यांच्याशिवायचा हा पहिलाच नाताळ. रडायचं नाही, पाटी लावायची आणि दारातून ओरडायचं, असं सगळ्यांनी ठरवलं होतं.

सगळ्यांनी म्हणजे नवी सून सोडून. ती शाळेत मराठी शिकवते. चुकीचं अक्षर दिसलं की तिचे हात शिवशिवतात. आणि नवरा असा घुम्या, की घराला आग लागली तरी चहा संपवून मग सांगेल. सकाळी तिने माळ्यावरून पाटी काढली, "अरे देवा!" म्हणाली आणि सासऱ्यांचाच ब्रश घेऊन 'ठा'चा 'ता' करून टाकला. मोठ्या प्रेमाने केला हो!

"बाबांची एवढी एकच चूक होती घरात," नणंदबाई म्हणाल्या. "तीही पुसली? कोणी पुसली?"

सुनेने लाल बोटं पाठीमागे लपवली.

"मी," सासूबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"आई, खोटं नका ना बोलू." सून रडवेली होऊन पुढे आली. "मीच केलं. मला माहीत नव्हतं हो."

सासूबाईंनी तिची बोटं पाहिली आणि त्या फिसकन हसल्या. हसता हसता पायरीवर बसल्याच.

"अस्सेच रंगले होते माझे हात! लग्नानंतरचा पहिला नाताळ. पाटी ओली, आणि मी अतिशहाणी धूळ पुसायला गेले. 'ता' साफ! घाबरून मीच तिथे आठवेल ते अक्षर काढलं. पाहुणे आले, हसायला लागले, हे कुणाचं अक्षर म्हणून विचारायला लागले. मी दाराआड थरथरतेय. तर हे पुढे झाले आणि म्हणाले, 'मी चुकलो.'"

"एकतीस वर्षं?" नणंदबाईंनी केक खाली ठेवला. "एकतीस वर्षं आम्ही बाबांना चिडवत होतो?"

"आणि सगळ्यांत मोठ्याने मी!" सासूबाईंनी डोळे पुसले. हसण्याचं पाणी कुठलं आणि रडण्याचं कुठलं, ते त्यांनाही कळत नव्हतं. मग त्यांनी ब्रश लाल रंगात बुडवून सुनेच्या हातात दिला.

"घे, पटकन ठ काढ, पाहुणे येतील. आणि कुणी विचारलंच, तर सांग, पेंटर चुकले."