तांदळाच्या डब्यातलं पाकीट

सकुबाईचा विश्वास दूधवाल्यावरही नव्हता, मग सुनेवर कुठून असणार? शहापूरच्या दवाखान्यात पिशवी साफ केल्यापासून भूमिका रक्त तपासायला म्हणून सारखी एसटीनं तिकडं जायची आणि परतताना गालात हसत यायची. आज तांदळाच्या डब्यात हात घातला, तर गोळ्यांचं पाकीटच लागलं. पाळणा लांबवायच्या गोळ्या! सकुबाईनं पाकीट चुलीपुढं आपटलं. “नातवाची वाट बघून डोळे शिणले माझे, आन् तू ह्या चोरून खातेस गो?” भूमिकेनं भाकरी उलटली. “आत्या, पिशवी साफ केली तवा पोटात मूल नव्हतंच, द्राक्षासारखे फोड होते. त्यातला कण जरी राहिला तरी परत वाढतो, म्हणून रक्तातला आकडा बघतात. तो उतरतोय. पार खाली येऊन टिकला, की डॉक्टरीणच सांगेल, आता होऊ द्या. बहुतेकींना मग चांगलं मूल होतं. मधीच दिवस गेले, तर आकडा पोरानं चढला का फोडांनी, ते कळायचं नाय. पालापाचोळा जाळून राब भाजल्याबिगर तुमी तरी भात पेरता का?” अर्धवट भाजलेल्या राबात भातापेक्षा तणच माजतं, हे सकुबाईला कुणी सांगायला नको होतं. तिनं पाकीट उचललं, पदरानं पुसलं आणि देवाच्या फळीवर ठेवलं. जेवणं झाल्यावर भूमिकेनं गोळी तोंडात टाकली, वर पाणी घेतलं. सकुबाई तिच्या तोंडाकडं टक लावून बसली होती. “खरंच गिळलीस? आ कर बघू. जीभ उचल.”