अंघोळीतला फोन

ती पाटावर बसून पसरलेल्या पायांवर पाच महिन्यांच्या पोरीला पालथं घेऊन अंघोळ घालत होती. विश्रामबागेतल्या ऑफिसातून साहेबांचा फोन आला. पुरी रिंग वाजलेली साहेबांना खपत नाही, म्हणून तिनं एका हातानं फोन उचलला. तेल लावलेली पोरगी दुसऱ्या हातातून सटकली आणि शेजारच्या पाण्याच्या घमेल्यात तोंडावर पडली. बाहेर काढली, तर रडेचना. “मॅडम, ऐकताय ना?” फरशीवरचा फोन विचारत होता. धावत आलेल्या सासूनं पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठं पोरीनं पाणी ओकून टाहो फोडला. तिनं फोन कानाला लावला. “सर, पोरगी बुडत होती. यापुढं ऑफिसच्या वेळेआधी फोन उचलणार नाही.” “अरेरे! बरं, ती फाईल कुठाय?” तिनं फोनच बंद केला. “अगं, नोकरी गेली म्हंजे?” सासू घाबरली. “भ्या हायच की, आत्ती. पण मघाच्याएवढं न्हाई.”